दात बघून म्हैस, फोटो बघून गाडी?

वडगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेलेला आपल्या शाहूवाडीचा माणूस काय काय करतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी वडिलांबरोबर जाऊन बघितलं असेल. आधी तो लांबूनच बघतो, काही बोलत नाही. मग जवळ जाऊन जबडा उघडून दात बघतो, कासेला हात लावतो, चारी सड तपासतो, चार पावलं चालवून बघतो. एवढं झालं तरी हात खिशाकडं जात नाही. ‘धार काढून दाखवा’ म्हणतो. आणि पक्का असेल तर एका धारेवर समाधान मानत नाही, कारण त्याला ठाऊक असतं की आदली धार चुकवून कास तुंबवून आणलेली असू शकते. दुसऱ्या वेळची धार बघितल्याशिवाय खरं दूध कळत नाही.

आता त्याच घरातल्या पोराकडं बघा. रात्री साडेअकरा वाजता मोबाईलवर पांढरीशुभ्र पोलो जीटी दिसते. पुणे पासिंग, ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, एक रुपयाचं काम नाही’. फोटो संध्याकाळच्या उन्हात काढलेले, टायरला पॉलिश मारलेलं. फोन लावला की पलीकडून सांगतात, ‘उद्या सकाळी अजून दोन पार्ट्या येणार आहेत बघा, तुम्हाला पाहिजे असेल तर टोकन टाका.’ बारा वाजायच्या आत वीस हजार यूपीआयनं गेलेले असतात. म्हशीला दोन धारा आणि पाच-सहा लाखांच्या गाडीला आठ फोटो. हा कुठला हिशोब, भावांनो?

हे लिहायला कारण घडलंय. बांबवड्याकडच्या आमच्या एका मित्रानं गेल्या वर्षी अशीच एक टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक हॅचबॅक घेतली. गाडी कुठल्या कंपनीची आणि विकणारा कोण, ते बाजूला ठेवू. किंमत पाच लाख ऐंशी हजार. त्यातले तीन लाख पतसंस्थेचं कर्ज, बाकीचे स्वतःचे साठवलेले आणि थोडे आईनं दिलेले. बघायला जाताना सोबत कोण, तर गाड्यांची आवड असलेले तीन दोस्त. चौघांनी मिळून काय तपासलं? साऊंड सिस्टीम. आणि एक्स्प्रेसवेवर दाबून बघितली, गाडी उडाली, विषय संपला. तिसऱ्या आठवड्यात आंबा घाट चढताना गाडीनं झटके दिले, डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी जागेवर थांबली. कोल्हापुरातल्या गॅरेजमध्ये टो करून नेली. मेकॅनिकनं गिअरबॉक्सचा खर्च सांगितला तो लाखाच्या वर. ते ऐकून पोरगं खाली बसलं. पण खरी गोष्ट पुढंच होती. मेकॅनिकनं बॉनेट उघडून बोट दाखवलं. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला, म्हणजे ते कधीतरी खोललेले. रेडिएटर ज्याला धरून असतो त्या पट्टीवर वेल्डिंग. गाडी पुढून जोरात ठोकलेली होती. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा जो दिवा काही सेकंद लागून विझायला पाहिजे, तो लागतच नव्हता.

याचा अर्थ समजून घ्या. तो दिवा सगळं ठीक आहे म्हणून बंद नव्हता. तो बोंबलू नये म्हणून त्याचं तोंड बंद केलेलं होतं. तीन आठवडे ते चौघं त्या गाडीतून घाटात फिरत होते.

हे सगळं टोकन देण्याआधी कळलं असतं का? कळलं असतं. जाणत्या माणसाकडून दोन तासांची तपासणी, खर्च काही हजार. आमचं म्हणणं एवढंच आहे, पण ते ठासून आहे: वेगवान गाडी जुनी घेणार असाल, तर त्रयस्थ माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि ‘माझ्या मावसभावाचा मित्र मेकॅनिक आहे’ याला तपासणी म्हणत नाहीत.

साध्या गाडीपेक्षा या गाड्यांची गोष्ट वेगळी का, ते आधी बघू. आपल्याकडं सेकंडहँड बाजारात पोरांच्या डोळ्यांत भरणाऱ्या गाड्या ठरलेल्या आहेत. पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, जुनी व्हीटेक सिटी. यातल्या बऱ्याचशा आता नवीन मिळतच नाहीत. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. रांजणगावच्या कारखान्यातून आलेली अबार्थ पुंटो १४५ हॉर्सपॉवरची, २०१५ मध्ये आली तेव्हा त्या किमतीत तिला तोड नव्हती. पण फियाटनं भारतातला आपल्या गाड्यांचा धंदाच गुंडाळला, त्यामुळं आज तिचा एखादा पार्ट शोधायचा म्हणजे ग्रुपवर ग्रुप पालथे घालावे लागतात. गाडी बंद झाली की तिच्याभोवती कौतुक वाढतं, कौतुक वाढलं की किंमत टिकते, आणि किंमत टिकली की खराब गाडीसुद्धा चकाचक करून विकणं परवडायला लागतं.

दुसरं म्हणजे या गाड्या कुणी दूध घालायला घेतलेल्या नसतात. त्या दाबायलाच घेतलेल्या असतात. टर्बो तापतो. गाडी जोरात पळवून आणून लगेच बंद केली, असं वर्षानुवर्षं केलं, की टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून कडक होतं. सिग्नलवरून रोज बाण सुटल्यासारखी गाडी काढली, की क्लच झिजतो. पोलो जीटीमधल्या सात गिअरच्या डीएसजीमध्ये दोन कोरडे क्लच आणि ते चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट असतं. चांगलं वापरलं तर मजा देतं, पण ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवत वापरलं तर कुरकुरतं आणि त्याचं काम स्वस्तात होत नाही. वरून रीमॅप! गाडीच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवायची, दोन-तीन वर्षं पळवायची आणि विकताना पुन्हा कंपनीचं मूळ प्रोग्रॅमिंग टाकायचं. बाहेरून काय दिसणार? काहीच नाही. पण काही कंपन्यांच्या गाड्यांत संगणक किती वेळा लिहिला गेला, त्याची मोजणी आतच राहते, आणि योग्य स्कॅनर लावणाऱ्याला ती दिसते. म्हणून म्हणतो, त्या गाडीचा माणूस लागतो.

तो माणूस मिळवायचा कसा? मलकापुरात, बांबवड्यात चांगले मिस्त्री आहेत. ट्रॅक्टर, जीप, अल्टो त्यांना आवाजावरून कळते. त्यांचा अपमान करायचा नाही. पण ज्यानं डीएसजी कधी खोललाच नाही त्याला डीएसजीबद्दल विचारणं म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरला गुडघा दाखवण्यासारखं आहे. आणि गाडी तर बहुतेक वेळा इथं नसतेच. ती पुण्यात, मुंबईत नाहीतर बेळगावात असते. तेव्हा पहिलं काम, गाडी जिथं आहे त्या शहरात त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणारं स्वतंत्र गॅरेज शोधायचं. त्या मॉडेलच्या मालकांचे ग्रुप असतात, तिथं विचारलं की दोन-तीन नावं हमखास पुढं येतात. विकणाऱ्यानं सुचवलेलं गॅरेज मात्र नको, कितीही चांगलं असलं तरी. फोनवर तीनच गोष्टी विचारा. हे मॉडेल किती केलंय, कंपनीचं पूर्ण स्कॅन करणारं उपकरण आहे का, आणि निष्कर्ष लेखी देणार का. तिसऱ्या प्रश्नाला जो आढेवेढे घेतो तो सोडून द्या. स्वतंत्र गॅरेज मिळालंच नाही तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर पैसे भरून तपासणी करून घेता येते, आणि तिथं गाडीचा सर्व्हिसचा इतिहासही मालकासमोर निघतो.

मग विकणाऱ्याशी बोलायचं. इथंच आपली पोरं लाजतात. ‘तपासायची म्हटलं तर दादा काय म्हणतील, विश्वास नाही वाटेल.’ अहो, दादा काहीच म्हणत नाहीत. ज्याची गाडी सरळ आहे त्याला तपासणीचा त्रास नसतो, उलट त्याचा भाव पक्का होतो. सरळ सांगा, ‘गाडी आवडली आहे. अमुक दिवशी अमुक गॅरेजला तपासणी करू, खर्च माझा. रिपोर्ट बरा आला तर त्याच दिवशी व्यवहार.’ टोकन द्यावंच लागलं तर छोटं द्या, आणि देण्याआधी व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून त्यांचं ‘हो’ घ्या: तपासणीत मोठा दोष निघाला तर टोकन परत. तोंडी ठरलेलं भांडणाच्या वेळी कुणाला आठवत नाही. आणि ‘माझी गाडी कुठंही न्यायची नाही’ म्हणणारा भेटला, तर चहा प्या आणि एसटी धरा.

निघण्याआधी घरी बसून करायची कामं आहेत. गाडीचा नंबर घेऊन परिवहनच्या साईटवर टाका. कितवा मालक, कुठल्या बँकेचा बोजा, विमा कधीपर्यंत, सगळं तिथं समजतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पुढं जायचं नाही. ई-चलानची साईट बघा. वेगवान गाडीवर वेगाचे दंड साठलेले असण्याची शक्यता तुम्हीच ओळखा. एक मालक म्हणणाऱ्याची गाडी साईटवर तिसऱ्या मालकाची निघाली, तर पुढं तपासायची गरजच उरली नाही, प्रवासाचं भाडं वाचलं.

आणि आपल्या जिल्ह्याला एक जास्तीची काळजी आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा महापूर तुम्ही विसरला नसाल. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. कोल्हापूर, शिरोळ, सांगलीत किती गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या, त्यांचं पुढं काय झालं? काही भंगारात गेल्या. काही धुतल्या, वाळवल्या, सेंट मारला आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या. पुराचं पाणी वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलं, की गंज सावकाश चढतो आणि दोन वर्षांनी गाडी वेड्यासारखी वागायला लागते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ कुणी धूत नाही. सीटखालचे नट, कार्पेटखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा बघा. गाडीत नको तेवढा सुगंध येत असला तर काच खाली करून विचार करा.

तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहायचं. रात्री निघून पहाटे पोचायचं असलं तरी. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आदली धार चुकवली म्हणून समजा. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. साखळीची खडखड, निळा धूर, ओढत-ओढत सुरू होणं, हे पहिल्या मिनिटातच ऐकायचं असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एक्झॉस्टमधून येणारा पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर गॅस्केटची शंका घ्यायची.

गॅरेजवाला त्याचं काम करील, पण तो काय करतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो; एखाद्या दारावर आकडा ३००-४०० च्या पुढं गेला तर तिथं पुन्हा रंग झालाय, आणि त्याहून फार वर गेला तर खाली लांबी भरलेली आहे. दार रंगवलं म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, आपल्या गल्लीबोळात घासाघीस होतेच. पण छताचा, खांबाचा आकडा चढला तर उठायचं. मग लिफ्टवर गाडी चढवून खालून बघायची: ऑइलची गळती, वाकलेली चेसिस, फाटलेले रबर बूट. इंजिनचं कॉम्प्रेशन सिलिंडरगणिक मोजायचं. आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत, एक जरी बराच खाली असेल तर आत झीज आहे.

स्कॅनरबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. ‘एकही एरर नाही’ हे ऐकून खूश होऊ नका. एरर पुसायला अर्धं मिनिट लागतं. पण एरर पुसल्या की गाडीचा संगणक आपल्या आतल्या चाचण्या पहिल्यापासून सुरू करतो आणि काही अंतर चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरवर त्या चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर आज-कालच कुणीतरी पाटी कोरी केलेली आहे किंवा बॅटरी काढलेली आहे. कारण विचारा. किलोमीटरचंही तसंच. काट्यावर ४२ हजार, आणि सर्व्हिसच्या जुन्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच ६८ हजार, असं निघतं बरं का. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३० हजार चाललेल्या गाडीला तिसरा टायरचा संच असेल, तर एकतर काटा खोटा आहे नाहीतर चालवणारा वेडा आहे.

चालवून बघताना मात्र स्टिरिओ बंद. आधी गर्दीत सरकवून बघा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते का. चढावर थांबवून पुन्हा काढा, रिव्हर्सही चढावर घ्या. मग मोकळा रस्ता मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाब द्या. ताकद सलग यायला पाहिजे, मध्येच शिट्टी वाजून दम गेला तर टर्बोच्या पाइपमध्ये गळती असू शकते. आणि ब्रेक, दोन-तीनदा जोरात. ब्रेक ऑइल जुनं झालं की हवेतला ओलावा शोषून घेतं आणि तापल्यावर उकळतं. मग पेडल स्पंजासारखं खाली जातं. पुण्याच्या सपाट रस्त्यावर हे कधीच कळणार नाही. आंब्याहून साखरप्याकडं उतरताना, पावसाळ्यात, धुक्यात, तिसऱ्या वळणावर कळेल.

रिपोर्ट हातात आल्यावर भावना आडव्या येतात. परत जायला दोनशे किलोमीटर, मित्र विचारणार, गाडी तर दारात चमकतेय. अशा वेळी रिपोर्टच्या दोन बाजू करा. टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश या खर्चाच्या बाबी आहेत. बेरीज करायची आणि किमतीतून वजा मागायची, इथं तपासणीचे पैसे बहुतेक वेळा वसूल होतात. चेसिसला मार, पुराचं पाणी, एअरबॅग गायब, काटा फिरवलेला, कागद जुळत नाहीत, या खर्चाच्या बाबी नाहीत. यावर सवलत मागायची नसते.

कागदाचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणं घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओकडं कळवायचं असतं. विकणाऱ्यांनीही हे ऐकावं: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तो मालक, गाडी पुढं चार हातांत गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावरच येऊ शकते. विमासुद्धा १४ दिवसांत नावावर करून घ्या, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि आवाजाचा सायलेन्सर, बदललेली बॉडी अशा गाडीबद्दल कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, हे न्यायालयानंही २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पकडले गेल्यावर ‘असंच घेतलं होतं साहेब’ हे उत्तर होत नाही.

आता थोडं आपल्या कोल्हापूरबद्दल. दसऱ्याला मेबॅकमधून छत्रपतींची स्वारी बघायला आपण दसरा चौकात गर्दी करतो. म्हादबा मेस्त्रींचं नाव अभिमानानं घेतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत देशभरातल्या गाड्यांचे भाग ओतले जातात. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांनी रेसिंगमध्ये इथलं नाव बाहेर नेलं. गाड्यांचा नाद या जिल्ह्याला खुळा आहेच. मग लेखी रिपोर्ट देणारा, कुणाच्या बाजूचा नसलेला, गाडी तपासणारा माणूस तालुक्याला एक का नसावा? आयटीआय केलेली, डिप्लोमा झालेली पोरं मलकापुरात काम शोधत फिरतात. एक चांगला स्कॅनर, रंग मोजायचं यंत्र, कॉम्प्रेशनचा गेज आणि विकणाऱ्याकडून कमिशन न घेण्याची शपथ, एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. शपथ सगळ्यात अवघड, हे मान्य. पण दूध संस्थेत फॅट मोजणाऱ्या यंत्रावर आपण गावच्या गाव विश्वास टाकतोच ना?

आमच्या त्या मित्राचं काय झालं विचाराल. गिअरबॉक्सचं काम झालं, एअरबॅगचं अजून झालेलं नाही, तोवर घरचे त्या गाडीत बसत नाहीत. पतसंस्थेचे हप्ते चालू आहेत. गेल्या महिन्यात त्याच्या चुलतभावानं पुण्यात एक गाडी बघितली, तेव्हा हाच त्याला घेऊन गेला. आधी गॅरेज ठरवलं, फोन करून गाडी चालू करू नका म्हणून सांगितलं, पहाटे साडेतीनला बांबवड्यातून निघाले. पोचल्यावर यानं पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. दोघं चहा पिऊन संध्याकाळपर्यंत परत आले.